शेजारच्या खाटेला लागलेली प्रार्थना

आधीच सांगून टाकते, यात भूत नाही, पिंपळ नाही, अमावस्याही नाही. दुपारचे चार वाजले होते, वॉर्डात पंखे फिरत होते आणि माझ्यासकट पाच-सहा माणसं चांगली जागी होती. इथल्या बऱ्याच जणांची त्यामुळे निराशा होईल. होऊ दे. मी दोन वर्षं या ग्रुपवर नुसती वाचते आहे. तुमचे अनुभव वाचून हसलेही आहे, खोटं कशाला बोलू. आता माझं सांगते.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आणि आमच्याकडे हा अविश्वास नुसता स्वभावाचा भाग नव्हता, धर्माचाच होता. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दाराला टांगलेला बिब्बा आणि गळ्यातले ताईत काढून विहिरीत टाकले म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात कुणाची दृष्ट काढली गेली नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं नाही. त्यात मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मुलं मला ‘बेन’ म्हणायची. सुरतेत शाळा मराठी असली तरी बाई ‘बेन’च.

वडील चलथाणच्या साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे साखरेचा पाक कधी दाणा धरतो ते बघणारे. मी कॉलेजात असताना ते गेले. मग आम्ही उधन्याला राहायला आलो... आई, मी आणि माझा धाकटा भाऊ प्रकाश. आई नर्स. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, पुढे पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात नोकरी केलेली. तिच्या हाताखाली शेजारच्या लिंबायत वस्तीतली अर्धी मुलं जन्मली असतील. बोलायला कडक. देवावर विश्वास मात्र असा, की त्याबद्दल ती कधी बोलायचीच नाही. आपण जिना उतरताना पुढची पायरी आहे की नाही असं विचारतो का? तसा.

प्रकाश कडोदऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये वायरमन होता. सव्वीस वर्षांचा. अंगाने काटकुळा, तोंडाने सुरती. मराठी बोलतानाही मधेच अशी काही सुरती शिवी हासडायचा की आई लाटणं घेऊन मागे धावायची. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की दर वेळी त्यालाच बोलावणं. तो कर्णे दुरुस्त करायचा आणि उपदेश सुरू झाला की मागच्या दाराने चहाला सटकायचा.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोनेक वर्षं झाली असतील. सुरतेत आम्ही काळ असाच मोजतो. पाऊस संपून नवरात्राच्या मांडवांचे बांबू रस्त्यावर येऊन पडले होते. प्रकाश मंगळवारी कामावरून थंडी वाजून आला. बुधवारी ताप डोक्यात गेला. ‘ताई, मीटर बंद कर, मीटर बंद कर,’ असं मला सांगत राहिला. संध्याकाळपर्यंत शुद्ध गेली. रक्त तपासलं, झेरी म्हणजे विषारी मलेरिया निघाला. मेंदूत गेलेला.

दवाखान्याचं नाव देत नाही. त्यांची काही चूक नव्हती. पुरुषांचा जनरल वॉर्ड, प्रकाशची अकरा नंबरची खाट. दोन खाटांमध्ये इतकी कमी जागा की तिथे एका वेळी एकच माणूस उभा राहू शकायचा, तेही कोपर आवरून.

बारा नंबरवर सुकलाल नावाचा माणूस होता. लूम कारागीर, म्हणजे यंत्रमागावरचा, लिंबायतला राहणारा, शिरपूरकडचा. पस्तिशीचा असेल. त्यालाही तोच आजार, तेच क्विनाइनचं सलाइन, पण तो प्रकाशच्या आधी तीन-चार दिवस आलेला आणि त्याची अवस्था कितीतरी वाईट होती. लघवी जवळजवळ बंद. अंग सुजलेलं. आईने त्याच्या खाटेला अडकवलेला कागद वाचला (नर्सची सवय) आणि मला हळूच म्हणाली, “हा राहत नाही गं.” डॉक्टरांनी त्याच्या बायकोला गावाकडच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं.

बायकोचं नाव कौतिकबाई. ती खाटेपाशी खाली फरशीवर बसलेली असायची, बहुतेक वेळा झोपलेली. मला तिचा राग यायचा. नवरा मरायला टेकलाय आणि ही घोरते! आई तिला आपल्या डब्यातली भाकरी द्यायची. ती अहिराणी बोलायची. माझ्या वर्गातली निम्मी मुलं खानदेशातली, त्यामुळे मला ती भाषा समजायची.

शुक्रवारी मंडळीतली माणसं आली. त्यांनी साखळी-प्रार्थना लावली होती, दर तासाला एकेका घरी. एक वडीलधाऱ्या बाई प्रकाशच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, “प्रभू बरं करतोच. फक्त घरात कुणाच्या मनात शंका असली, तर तेवढी आड येते.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाची बाई ना!

आईने त्या बाईंना चहा प्यायला खाली पाठवून दिलं. मग मला म्हणाली, “तिचं मनावर घेऊ नकोस. शंकेने मलेरिया वाढत नाही, आणि कमीही होत नाही.”

पण त्या रात्री मी घरी गेल्यावर गुडघे टेकले. शंका आड येत असेल तर निदान माझी नको, म्हणून. ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी डॉक्टर आले. तरुण गुजराती डॉक्टर, आईला मान द्यायचे. त्यांनी प्रकाशच्या पापण्या उघडून बॅटरी मारली आणि आईला म्हणाले, “सिस्टर, तमने तो बधी खबर छे...” तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे. पुढे बोलले नाहीत. आईने मान हलवली. ते गेल्यावर तिने घड्याळ पाहिलं, उठली आणि त्या दोन खाटांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण हेच सांगायला बसले आहे.

आईचे गुडघे दुखायचे. तिने उजवा हात प्रकाशच्या कपाळावर ठेवला आणि आधाराला डाव्या हाताने मागच्या खाटेची लोखंडी कड धरली. बारा नंबरची. डोळे मिटले. मी समोर स्टुलावर बसले होते, तिच्या तोंडाकडे बघत. ती मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांतली नव्हतीच. ओठसुद्धा हलत नव्हते. इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. वीस मिनिटं तरी ती तशी उभी असेल. घाम गळत होता. मला वाटलं ही पडणार.

आणि बारा नंबरवरच्या सुकलालने डोळे उघडले.

कण्हणं नाही, तळमळणं नाही. भरदुपारी झोपलेला माणूस दारावरच्या थापेने जागा व्हावा तसा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, उठायला कोपर टेकलं. हाताची सुई निघेल म्हणून मी ओरडले. तो वैतागून म्हणाला —

“कोन शे हाऊ मुठ्या? कव्हयपाईन हाका मारी राहिना... मुठ्या ऊठ, मुठ्या ऊठ. कोन शे मुठ्या?”

कोण हा मुठ्या, केव्हापासून त्याला हाका चालल्यात, असं विचारत होता. वॉर्डात धावपळ झाली. ब्रदर आला, नर्स आली. तो पाणी मागत होता. कौतिकबाई दचकून जागी झाली होती. तिने पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे हातभर मागे सरकली. मला वाटलं, चमत्कार पाहून घाबरली असेल.

आईने खाटेची कड सोडली नव्हती. तिचा चेहरा... मी तिला पांढरी पडलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती, वडील गेले तेव्हाही नाही.

मुठ्या म्हणजे प्रकाश.

तो सातव्या महिन्यात जन्मला होता, मुठीएवढा. आईने त्याला कापसात गुंडाळून, बाटल्यांत गरम पाणी भरून जगवला. त्याचं घरातलं नाव मुठ्या. शाळेत जायला लागल्यावर मुलं चिडवतील म्हणून वडिलांनी ते बंद केलं. मला स्वतःला ते आठवायला काही क्षण लागले. वीस वर्षं ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. त्या वॉर्डात तर नाहीच. तिथे सगळे त्याला प्रकाश म्हणत होते, नाहीतर अकरा नंबर.

मी आईला बाहेर व्हरांड्यात नेलं. “तू मनात काय म्हणत होतीस?” मी विचारलं.

तिने कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग म्हणाली, “मुठ्या, ऊठ. एवढंच. दुसरं काही सुचलंच नाही मला. देवाला म्हटलं, तू हाक मार, माझी त्याला ऐकू जात नाही.”

“मोठ्याने म्हणालीस का? पुटपुटलीस का?”

“तू समोरच होतीस ना,” आई म्हणाली.

होते. आणि ती पुटपुटली नाही. शुद्ध नसलेल्या माणसाला आजूबाजूचं ऐकू येतं, हे मलाही माहीत आहे. कृपा करून ते मला कुणी समजावू नका. ऐकू यायला आधी आवाज लागतो.

सोमवारी सकाळी साडेदहाला प्रकाश गेला. त्याच वेळी शेजारी सुकलाल चहात बिस्कीट बुडवून खात होता. बुडवलेलं बिस्कीट तुटून कपात पडलं आणि तो बोटाने ते काढत होता. हे सगळं तीन फुटांवर. आईने प्रकाशच्या हातातली सुई स्वतः काढली, कापसाने दाबून धरली. मेलेल्या माणसाचं रक्त थांबवायला लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी दाबून धरली.

दफनाच्या वेळी आमचे पाळकसाहेब, चांगला माणूस, खोटा नाही, कबरीशी उभे राहून म्हणाले की आपल्याला आज कळत नसलं तरी यात प्रभूची योजना आहे. आई मातीची मूठ हातात घेऊन उभी होती. ती सरळ म्हणाली, सगळ्यांदेखत —

“पाळकसाहेब, योजना नका सांगू मला. मी पस्तीस वर्षं वॉर्डात काम केलं. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं, तर आम्ही त्याला योजना नव्हतो म्हणत.”

नुसता मातीचा आवाज होत राहिला. प्रकाश स्वतः ऐकायला असता तर म्हणाला असता, ‘ताई, साला अर्थिंगच चुकलं.’ आणि हसला असता. मला तिथे, कबरीपाशी, हे सुचलं आणि हसू फुटायला लागलं. मावशीने मला बाजूला नेलं. लोकांना वाटलं रडते आहे.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. वॉर्डातली गोष्ट मंडळीत पोहोचली. आठ-दहा दिवसांनी लोक आमच्या घरी यायला लागले. शोक करायला नव्हे... आनंद करायला! “बाई, तुमच्या प्रार्थनेने एक मनुष्य मरणातून उठला.” आईने येत्या कन्व्हेन्शनमध्ये, सगळ्या मंडळ्यांच्या मोठ्या सभेत, साक्ष द्यावी, असा आग्रह. त्या शंकेवाल्या बाई पुन्हा आल्या. “प्रभूने तुमच्या मुलाच्या बदल्यात एक आत्मा जिंकला,” असं म्हणून त्यांनी आईचे हात हातात घेतले. आईने हात सोडवून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे घासायला लागली.

सुकलाललाही कुणीतरी गाठला. दोन रविवार तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला, नवा सदरा घालून. तिथे प्रकाशने लावलेल्या कर्ण्यांवरून सुकलालचं नाव घेतलं गेलं. तिसऱ्या रविवारी तो आला नाही.

घरी मात्र एकदा आला होता, पेढे घेऊन. दारातच आईच्या पायावर डोकं ठेवलं. “तू मनी माय शे. तू माले जलम दिना.” आईने त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. तो बोलत होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. तो गेल्यावर पेढ्यांचा पुडा तिने तसाच शेजारी देऊन टाकला.

तीनेक महिने गेले. नाताळ आला. आम्ही आकाशकंदील लावला नाही. आई चर्चला जायची, पण प्रभूच्या प्रार्थनेत ती एका ठिकाणी गप्प व्हायची. त्याच्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणायची जागा येते ना, तिथे. सगळी मंडळी ते म्हणत असताना आई तोंड मिटून समोर बघायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करायची. मी सुरुवातीला तिच्या शेजारी बसायचे. पुढे चर्चला जायचंच सोडलं.

जानेवारीत उतराणच्या सुट्टीत, दुपारी, सगळी सुरत गच्चीवर पतंग उडवत असताना, आमचं दार वाजलं. कौतिकबाई. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. कौतिकबाईने उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला होता. मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. गालावर जुना पिवळा डाग आणि त्यावर नवा काळा.

आईने काही विचारलं नाही. तिला बसवलं, वहीचा पुठ्ठा कापला, कापूस लावून मनगट बांधलं. बांधत असताना कौतिकबाई तिच्याकडे बघत होती. मग अगदी शांतपणे, भांडायला आल्यासारखी नाही, खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखी म्हणाली —

“माय, तू कसाले उठाडं त्याले?”

आईचे हात थांबले.

कौतिकबाई बोलत राहिली. लग्नाला दहा वर्षं झाली होती. तो पिऊन यायचा (गुजरातेत दारूबंदी आहे म्हणे!) आणि मारायचा. दवाखान्यातले ते आठ-नऊ दिवस, फरशीवर, डासांत, ती दहा वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपली होती. डॉक्टरांनी माणसं बोलवायला सांगितलं, तेव्हा तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं, की क्रियाकर्म झालं की मुलीला घेऊन भावाकडे जायचं. भाऊ चांगला होता. तिने मुलीला सांगितलंही होतं.

“आनि तो उठी बसना,” ती म्हणाली.

बाहेर ‘काइपो छे’ असा ओरडा झाला, कुणाचा तरी पतंग कापला असावा. आई म्हणाली, “बाई, मी त्याला नाही उठवलं. मी माझ्या लेकासाठी मागत होते.”

कौतिकबाईने थोडा विचार केला.

“मंग माय,” ती म्हणाली, “आपुन दोन्हीबी बुडनूत.”

मी आईला प्रकाश गेल्यानंतर रडताना पाहिलं नव्हतं. ती तेव्हा रडली. त्या दोघी एकमेकींना धरून रडल्या आणि ती लहान मुलगी माझ्याकडे बघत बसली. मी तिला तीळगूळ दिला. दुसरं काय देणार होते?

मायलेकी रात्री आमच्याकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली. “कुठे?” म्हटलं. “लिंबायतला.” मी तिच्याबरोबर गेले.

सुकलालची खोली चाळीत, वरच्या मजल्यावर. तो घरीच होता, रात्रपाळी करून आलेला किंवा कामावर न गेलेला. शुद्धीत होता, पण डोळे लाल. आईला पाहून उठून उभा राहिला. ती बसली नाही.

“सुकलाल,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुला जी हाक ऐकू आली, ती तुझ्यासाठी नव्हती. तू जे जगतोयस ते माझ्या मुलाचं आहे. त्यातून तू बायकोचा हात मोडतोस?”

मला वाटलं तो उलट बोलेल, नाहीतर पाया पडेल. तो खाटेवर बसला. हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिला.

“माले माहीत शे, माय,” तो म्हणाला. “ती हाक मनी नव्हती. तठे आखो एक जन व्हता. मना बाजूलेच. पोऱ्या व्हता, काटकुया. हाक त्याले व्हती. तो उठीच राहिंता...” तो थांबला. “मी पुढे निंघी गऊ.”

तो मुलगा उठतच होता, आणि हा त्याच्या पुढे निघून आला. टँकर आला की हंडे घेऊन रांग लागते, त्यात एखादा कोपराने मागे सारून पुढे घुसतो ना, तसं त्याने ते सांगितलं. “माले जगानं व्हतं, माय,” तो म्हणाला. “कोनबी जाता.” कोणीही गेला असता.

मी फुटले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दारुड्याची सबब आहे ही, मंडळीत ऐकलेल्या गोष्टीला मीठमसाला लावतोय, पिण्याला कारण शोधतोय, असं सगळं. तो कबूलही करत नव्हता आणि नाकारतही नव्हता. म्हणाला, डोळे मिटले की तो मुलगा दिसतो, म्हणून पितो. मी म्हटलं, “आणि तू आधी पीत होतास ते कशाने?”

आईने मला हाताने गप्प केलं. तिने त्याला एकच गोष्ट विचारली. आवाज इतका बारीक, की मला आधी कळलाच नाही.

“काही बोलला का रे तो?”

सुकलालने मान हलवली. “नही, माय. नुसता दखी राहिंता.”

नुसता बघत होता.

आई वळली आणि जिना उतरली. कठडा धरून, एकेक पायरी, थांबून थांबून. त्याच आठवड्यात तिने कौतिकबाईच्या हाताला प्लॅस्टर घालून आणलं, तिच्या भावाला पत्र लिहिलं आणि मायलेकींना स्वतः भुसावळकडच्या गाडीत बसवून दिलं. सुकलाल आडवा आला नाही. कौतिकबाईचं पुढे बरं झालं असावं. मुलीच्या हातची दोन पत्रं आली, मग बंद झाली. यात देवाची योजना दिसते असं ज्यांना वाटेल, त्यांना माझा सलाम. मला त्यात एक म्हातारी नर्स दिसते, तिचे गुडघे दुखत असताना तीन वेळा स्टेशनला हेलपाटे घालणारी.

मी आईला एकदा विचारलंच. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. म्हटलं, “तुझा अजून विश्वास आहे?”

“ज्यांची मुलं जातात ना,” ती म्हणाली, “त्या आयांना निदान असं तरी म्हणता येतं, की वर कोणी नाहीच, ऐकणार कोण. मला तेवढंही म्हणता येत नाही गं. त्याने ऐकलं. मी घेतलेल्या नावासकट शब्द न् शब्द ऐकला त्याने. आता मी जाऊ कुठे?”

आणि ती खडे काढत राहिली. चर्चला जायचंही तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. मी तिला पोहोचवायचे आणि बाहेर उभी राहायचे.

सुकलालला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, दहा-बारा वर्षांनी, उधना दरवाजापाशी. केस पांढरे झाले होते, पण धडधाकट होता, उसाचा रस पीत होता. त्याने मला ओळखलं. ग्लास अर्धा ठेवून तो रस्ता ओलांडून गेला.

मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं आहे. औषध एकाला लागू पडतं, एकाला नाही, हे खरं. माणूस शुद्धीवर येताना बरळतो, हेही खरं. चाळीतलं त्याचं बोलणं मी पूर्ण सोडून द्यायला तयार आहे. पण ते नाव? ते त्याच्यापर्यंत कुठून गेलं? तीसेक वर्षं झाली असतील, मला उत्तर सापडलेलं नाही. आणि खरं सांगू का, मला उत्तराची भीतीच वाटते. वर कोणी नाहीच, असं निघालं तर मी आईला काय उत्तर देऊ? आणि आहे, असं निघालं तर मी त्याला कधीच माफ करणार नाही.

आई गेली ती दवाखान्यातच. हृदयाचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात नवे पाळक तिला भेटायला आले, तरुण मुलगा होता. बरं होण्यासाठी प्रार्थना करू का, असं त्याने विचारलं. आई नको म्हणाली. तो बिचारा संकोचून बाहेर गेला. मग तिने मला जवळ बोलावलं. श्वास लागत होता.

“तूसुद्धा माझ्यासाठी काही मागू नकोस,” ती म्हणाली. “शेजारी कोण आहे, आपल्याला माहीत नाही.”

मी तिचा हात धरून बसले आणि काहीच मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पलीकडच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडे वळून न बघता मी सामान भरलं आणि निघाले.